तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?

मा. संपादक,


तुरुंगात जेवण कमी मिळाले, औषध मिळाले नाही किंवा शिपायाने मारले, तर कैद्याने सांगायचे कुणाला? आपल्या बेळगावच्या वेशीवर हिंडलगा तुरुंग आहे. तिथल्या भिंतीआडची माणसेही आपल्याच गावांतली आहेत, म्हणून हा विषय मांडतो.

इंग्रजांच्या १८९४च्या तुरुंग कायद्यात कलम ४५ आहे. अधिकाऱ्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा त्यात तुरुंगातला गुन्हा ठरवला आहे. वाचायला बरोबर वाटते. पण कलम ४६ बघा. आरोप खोटा की खरा हे ठरवून शिक्षा द्यायचा अधिकार तुरुंगाच्या अधीक्षकालाच! म्हणजे ज्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रार, न्याय करणारेही तेच. अशाने तोंड कोण उघडेल? शाळेतही तक्रारपेटीची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर असली की पेटी रिकामी राहते, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

१९७९ साली तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना एक पत्र पाठवले. तक्रार स्वतःची नव्हती. दुसऱ्या कैद्याचा वॉर्डरने केलेला छळ त्यात लिहिला होता. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालात स्पष्ट सांगितले आहे की तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या देखरेखीखाली ठेवाव्यात, वरचेवर उघडाव्यात आणि प्रत्येक कैद्याला तिथपर्यंत पोहोचता यावे. किल्ली बाहेरच्या माणसाकडे हवी, हे त्या निकालाचे मर्म.

पण नुसते ऐकून भागत नाही, वेळेवर ऐकावे लागते. जेझुइट फादर स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात होते. कंपवाताने हात थरथरत, पेला धरता येईना. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज केला. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने २० दिवस मागून घेतले. त्यांच्यावरच्या आरोपांचे खरेखोटे इथे बाजूला ठेवू. पाणी पिण्याच्या साधनासाठी माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागली, एवढेच बघा. ५ जुलै २०२१ला ते जामिनाची वाट बघतच मुंबईत वारले.

आणि कर्मचाऱ्यांचे काय? तेही त्याच भिंतीआड नोकरी करतात. जुलै २०१७मध्ये कर्नाटकच्या तुरुंग खात्यातल्या डीआयजी डी. रूपा यांनी बेंगळूरच्या परप्पन अग्रहार तुरुंगात शशिकला यांना खास सोयी मिळतात, असा अहवाल वरिष्ठांना दिला. काही दिवसांतच त्यांची बदली वाहतूक विभागात झाली. पुढे सरकारने नेमलेल्या चौकशीत खास सोयी दिल्याचे निघाले. डीआयजीची ही गत, तर साध्या वॉर्डरने काय बोलावे?

इंग्लंडात १९९०मध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात मोठा दंगा झाला. चौकशी करणाऱ्या न्या. वुल्फ यांनी तुरुंगाबाहेरचा स्वतंत्र तक्रार-निवारक नेमा, असे सुचवले. १९९४मध्ये तसे पद निर्माण झाले. ज्यांनी आपल्याला १८९४चा कायदा दिला, त्यांनी स्वतःच्या घरी शंभर वर्षांनी का होईना, सुधारणा केली.

आपल्याकडेही निकाल आहे, पेटी आहे, तुरुंगाला भेट देणारे अशासकीय सदस्य नेमायची सोय आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. पेटी किती वेळा उघडली, किती तक्रारी निघाल्या आणि किती दिवसांत निकाली काढल्या, हे आकडे जिल्ह्याने दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. नावे नकोत, नुसते आकडे पुरेत. तुरुंगात सेवेला जाणाऱ्या आपल्या लोकांनी आणि वकील मंडळींनी ते मागावेत. आकडा सतत शून्य येत असेल, तर सगळे आलबेल आहे असे समजू नका; आत भीती आहे असे समजा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव