यादीबाहेरचा श्वास
दिल्लीच्या धुरक्यावर दर हिवाळ्यात चर्चा झडते. पेण-रोह्याच्या हवेची मात्र बातमी होत नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती घासताना प्लास्टरची पूड उडते, डोलवीत पोलादाचा कारखाना, रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत, आणि २०११ पासून रुंदीकरणात अडकलेल्या मुंबई-गोवा महामार्गाची धूळ तर सगळ्यांच्याच वाट्याला. यातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, काही रक्तातही उतरतात. दम्याबरोबर हृदयविकाराचा धोका वाढवतात. त्यात उन्हाळा कडक होत चाललाय. कोकणच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. हवेच्या प्रदूषणावर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, पण त्याच्या यादीतल्या शहरांत ना पेण आहे, ना रोहा. हवा रोज मोजून आकडे लोकांपुढे आलेच नाहीत, तर उपाय कोण करणार? दोन्ही नगरपालिकांनी आधी मोजणी यंत्रं मागावीत, रोजचे आकडे चौकात लावावेत. आणि मूर्ती घासणाऱ्या हातांनी तोवर नाकातोंडावर मास्क चढवावा.