आधी मोजा, मग उडवा

डिस्क फुल झाली की आपली आयटीतली मंडळी काय करतात? समोर दिसेल ते उडवतात. जुने फोटो, डाऊनलोड्स, दोन वर्षांपूर्वीचा बॅकअप. तेवढ्यानं भागलं नाही की ठरलेलं वाक्य: "अरे, स्टोरेज स्वस्त आहे, डिस्क वाढव." मला या वाक्याची भयंकर चीड आहे. इंजिनिअर म्हणवता आणि न मोजता उत्तर देता?

मी राहुरीचा. आमच्या मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी, हे पानटपरीवरही पाठ असतं. त्यातला साडेचार टीएमसी मृतसाठा, कालव्याला उपयोग शून्य, हेही पाठ असतं. आवर्तनावरून भांडणं होतात, अगदी कडाक्याची होतात, पण आकडा हातात घेऊन होतात. आणि लाखभर पगाराचा माणूस सर्व्हरवर अंदाजपंचे डिलीट मारतो!

बरं, मोजायला लागतं काय? डीयू. दोन अक्षरं. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येसुद्धा ही कमांड होती. बरेच जण ‘डीयू -एसएच *’ मारून मोकळे होतात. पण त्या स्टारमध्ये टिंबानं सुरू होणारे लपलेले फोल्डर येतच नाहीत, आणि कॅशे नावाचा चोर बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो. त्यापेक्षा ‘डीयू -एएच --मॅक्स-डेप्थ=१’ मारा आणि पाईप लावून ‘सॉर्ट -एच’ ला द्या. शेवटची ओळ एकूण बेरजेची, तिच्या वरची चोराची. लाखो फायली असतील तर वेळ लागेल. तोवर चहा घ्या.

यावर हुशार लोकांचा ठेवणीतला आक्षेप: डीयू आणि डीएफचे आकडे जुळत नाहीत, मग विश्वास कशावर ठेवायचा? अहो, न जुळणं हीच तर खरी माहिती आहे! लॉग फाईल डिलीट केली, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम चालूच असेल तर नाव जातं, जागा सुटत नाही. डीयूला ती दिसत नाही, डीएफमध्ये ती भरलेलीच. अशा वेळी फोटो उडवून काय होणार? तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करा. शिवाय ईएक्सटी४ मुळातच पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. झाला की नाही आपला मृतसाठा?

एका छोट्या ऑफिसात (नाव नको) जागा करायची म्हणून स्कॅन केलेले जुने सातबारे उडवले. बॅकअप नव्हता. जागा कुणी खाल्ली होती? रोज फुगणाऱ्या एका लॉगनं. लॉग सुखरूप आहे, सातबारे गेले. आता लोक तेच कागद पुन्हा तलाठ्याकडून काढताहेत, आणि त्या हेलपाट्यांचा हिशेब स्टोरेजच्या बिलात येत नाही, बरं का.

माझ्यापुरता नियम केलाय. डिस्क वाढवा म्हणून कुणी आलं की आधी डीयूचं आउटपुट मागतो. नसेल तर रिक्वेस्ट परत. टीममध्ये मला खडूस म्हणतात. म्हणू देत.