स्फोट कुठाय?

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, 'लोकसंख्येचा स्फोट, कडक कायदा करा'. मंडळी, आकडे कुठल्या सालचे धरून बसलोय आपण?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला 2.1 लागतो. बिहार 3 वर होता, तोही उतरतोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गची लोकसंख्या तर 2001 ते 2011 मध्येच घटली (मुंबईला गेलेले त्यात बरेच, हे मान्य).

जपानही म्हातारा झालाय, दहात जवळपास तिघे पासष्टीपुढचे. पण त्यांनी 1961 मध्येच सगळ्यांना पेन्शन आणि आरोग्य विमा लागू केला होता. आधी पैसा आला, मग म्हातारपण. आपलं उलटं चाललंय. दारिद्र्यरेषेखालच्या साठीपुढच्या माणसाला केंद्राची पेन्शन महिना 200 रुपये! राज्य भर घालतं, पण औषधांपुढे ते किती पुरणार?

आणि आपण अजून सरपंचाची मुलं मोजतोय. आंध्रने तो दोन मुलांचा नियम 2024 मध्ये काढूनसुद्धा टाकला.

येत्या ग्रामसभेत मी एवढंच विचारणार आहे, गावात साठीपुढचे किती आणि त्यात एकटे राहणारे किती? यादी आहे का कुणाकडे?