बेल्ट ओरडतो तेव्हा

जुनी गाडी सकाळी सुरू करताच बॉनेटखालून ‘चीं’ असा कर्कश आवाज येतो आणि दोन मिनिटांत थांबतो. थांबला ना, मग चला, असे आपण म्हणतो. पण हा आवाज बहुधा फॅन बेल्टचा असतो. मारुती ८०० मध्ये हा एकच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. तो तुटला की बॅटरी चार्ज होत नाही आणि इंजिन तापते. म्हाताऱ्या अम्मी-अब्बांना घेऊन घाटात अडकण्यापेक्षा आधी तपासलेले बरे, असे आम्हांला वाटते.

इंजिन बंद आणि थंड असताना बेल्टवर चिरा, चकाकी किंवा ऑइल आहे का, ते पाहा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. एक सेंटीमीटरहून बराच जास्त दबला तर बेल्ट सैल आहे. मग इंजिन सुरू करा. ओढणी, बाही आणि मुले दूरच ठेवा. आत बसून हेडलाइट लावायला सांगा. लोड पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे. आवाज घरघरीचा असेल तर मेकॅनिककडून बेअरिंग तपासून घ्या.

साबण किंवा पावडर लावून आवाज दाबू नका. आवाज जातो, दुखणे राहते. सैल बेल्ट बेताने ताणून घ्या. फार ताणला तर बेअरिंग खराब होतात. चिरलेला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट मात्र बदलाच. आणि वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा.