दीव : मोजलेली माणसे, न मोजलेली माणसे

आमच्या शाळकरी वयात भूगोलाच्या पुस्तकात ‘गोवा, दमण व दीव’ असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. राजधानी पणजी, एवढे पाठ म्हटले की गुण मिळत. ही तीन ठिकाणे एकमेकांपासून किती दूर आहेत, हे नकाशात पाहण्याचे श्रम आम्ही कधी घेतले नाहीत. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. दमण व दीव मागे राहिले आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेलीशी जोडले गेले. गोमंतकीय वाचकांचा हा एके काळचा सोबती, आणि आम्हां बडोदेकरांचे सुटीतले ठिकाण. परंतु किल्ला आणि नागव्याचा किनारा पाहून परतणाऱ्यास तेथील माणसे सहसा दिसत नाहीत. म्हणून या महिन्यात थोडे दीवविषयी.

‘द्वीप’ या शब्दाचेच ‘दीव’ हे रूप होय. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, एका अरुंद खाडीने भूमीपासून वेगळे झालेले हे चिंचोळे बेट पूर्व-पश्चिम पसरले आहे. खाडीपलीकडचा घोघला धरूनही सारा जिल्हा सुमारे ४० चौरस किलोमीटरचा. जमीन चुनखडीची, गोडे पाणी बेताचे. त्यामुळे शेती पोटापुरतीही कठीण. पूर्व टोकास किल्ला व दीव शहर, तर पश्चिम टोकास वणाकबारा हे कोळ्यांचे मोठे बंदर. भूमीने जे दिले नाही ते येथील लोकांनी समुद्राकडे मागितले.

समुद्रानेच बेटाला महत्त्वही दिले. खंबातच्या आखाताकडे जाणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवता येई. १५०९ साली येथे पोर्तुगीजांनी इजिप्त व गुजरातच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या सुलतान बहादूरशहाने १५३५ मध्ये त्यांना किल्ला बांधू दिला, आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे त्यांचा अंमल राहिला. त्या काळात दीवचे वाणी व्यापारी कापड घेऊन मोझांबिकला जात व हस्तिदंत घेऊन येत. दूर जाणे हे या बेटाच्या अंगवळणी पडलेले आहे.

आता लोकसंख्येकडे वळू. २००१ साली दीव जिल्ह्यात ४४,२१५ माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती ५२,०७४ झाली. या आकड्यापेक्षा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे दमणला ५३४ स्त्रिया होत्या, आणि दीवला १,०३१. दोन्ही जिल्हे एकाच प्रदेशातले, तरी एवढे अंतर का? दमणला कारखाने आहेत. तेथे परप्रांतांतून एकटे पुरुष येतात. दीवमधून पुरुष बाहेर जातात. १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्या आधारे अनेक कुटुंबांतील माणसे पोर्तुगालला आणि पुढे इंग्लंडात, विशेषतः लेस्टरला, स्थायिक झाली.

एका हिवाळ्यात आम्ही वणाकबाऱ्यास गेलो होतो. धक्क्यावर मासळी निवडीत बसलेल्या एका वृद्ध बाईंना आम्ही गुजरातीत विचारले, “बा, घरात माणसे किती?”

“सात,” त्या म्हणाल्या.

बोलता बोलता कळले की थोरला मुलगा पंधरा दिवसांसाठी बोटीवर गेलेला, धाकटा बायको-मुलासह लेस्टरला. घरी त्या, थोरली सून आणि नात, अशा तिघीच. “मग सात कशा?” आमच्यातील मास्तर बोलून गेला. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिले, “माणूस परगावी गेला म्हणून घरातून जातो का, भाई?”

जनगणनेचा नियम मात्र निराळा. मोजणीच्या सबंध काळात जो घराबाहेर असेल, तो त्या घरात मोजला जात नाही. दीवच्या काही माणसांची नोंद तर वेगळ्याच यादीत होते. मासळीच्या शोधात वायव्येकडे गेलेल्या बोटी पाकिस्तानची सागरी सुरक्षा दले पकडतात. पाण्यावर रेघ नसते. सर खाडीच्या हद्दीचा वादही मिटलेला नाही. गुजरात व दीवचे कोळी मग कराचीच्या तुरुंगात दिवस काढतात. शिक्षा संपली तरी सुटका लगेच होत नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात. वृत्तपत्रात ती दोन ओळींची बातमी असते. वणाकबाऱ्यात मात्र त्या यादीत आपले नाव आहे की नाही, याकडे घरेच्या घरे डोळे लावून असतात. पकडलेली बोट बहुधा परत मिळत नाही. मागे राहते ते कर्ज, आणि ते फेडणारी घरची बाई. १,०३१ या आकड्यामागे तीही उभी आहे.

असो. आपणही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसे. कुळाच्या गावी आपली गणती होत नाही, तरी देवघरात कुलदैवताचा टाक आहे आणि पत्रिकेवर मूळ गाव छापतो. त्या बाईंचा हिशेब आपल्याला समजावा, यात नवल नाही. यापुढे दीवला जाल तेव्हा किल्ला अवश्य पाहा. पण एक संध्याकाळ वणाकबाऱ्याच्या धक्क्यासाठी राखून ठेवा.