पाठ रचायला शिकताना

गेल्या वर्षी देणग्या गोळा करून विश्वस्त मंडळाने शाळेत प्रोजेक्टर आणला. त्याचा उपयोग झालाच पाहिजे, या जिद्दीने आम्ही चार शिक्षकांनी 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन', म्हणजे साध्या मराठीत पाठरचना, शिकायला घेतली. पहिला पाठ निवडला पाचवीचा, अपूर्णांकांची तुलना. तीन रविवार घालवून चाळीस स्लाइड केल्या. भाकरीचे तुकडे पडद्यावर गरगरत येत. वर्ग खूश, आम्हीही खूश. दुसऱ्या दिवशी फळ्यावर १/४ आणि १/८ लिहून मोठा कोणता ते विचारले, तर निम्म्याहून अधिक हात १/८ साठी वर! आठ चारांपेक्षा मोठे, एवढा सरळ हिशेब.

मुलांचे लक्ष नव्हते, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण चाळीस स्लाइडमध्ये मुलांनी स्वतः करायचे असे एकही काम आम्ही ठेवले नव्हते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे कळली. आठ तुकडे मागच्या बाकावरून नीट दिसावेत म्हणून ती भाकरी आम्ही मोठी काढली होती! एका मुलीला जवळ बसवून विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, पण ती भाकरीच मोठी होती ना?" दोन अपूर्णांकांची तुलना करताना पूर्ण वस्तू सारखीच हवी, हे आमच्या इतके अंगवळणी पडले होते की ते सांगायचेच राहिले. ज्याला येते त्याला दुसऱ्याचे कुठे अडते ते दिसत नाही. नवशिक्याची खरी अडचण ही; संगणक तर आठवड्याभरात हाताळता येतो.

बी.एड.ला आम्ही सर्वांनी पाठाची टाचणे लिहिली आहेत. त्यात 'विद्यार्थ्यांना संकल्पना समजेल' हे वाक्य ठरलेले. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात आग्रह धरला की विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूक, हे लिहा. वाचायला सोपे, पण एका वाक्यासाठी आमची एक संध्याकाळ गेली. शेवटी 'समजेल' खोडून लिहिले : १/२, १/३, १/४, १/६, १/८ हे चढत्या क्रमाने लावील व कारण स्वतःच्या शब्दांत सांगेल. हे लिहिताच तीसेक स्लाइड निरुपयोगी ठरल्या. तीन रविवारांची मेहनत पुसताना जीव तुटतो, हे कबूल करतो.

विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन हा पाच टप्प्यांचा प्रसिद्ध आराखडा १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेल्या कामातून आला. आम्ही त्याला जिना समजलो आणि सगळी ताकद निर्मितीत घातली. प्रत्यक्षात पुनःपुन्हा मागे यावे लागते. त्यात यावरचे बहुतेक साहित्य इंग्रजीत. आपल्या बेळगावात मराठी माध्यमाच्या शिक्षकाला आधी शब्द जुळवावे लागतात आणि मग पाठ.

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे की वर्षाअखेर किती डिजिटल पाठ झाले ते मोजू नये. घाईने केलेल्या दहा पाठांपेक्षा मुलांवर तपासून दुरुस्त केलेला एक पाठ आम्हांला मोलाचा वाटतो. त्यासाठी आठवड्यातून एक तास आम्हां चौघांना एकत्र मोकळा मिळावा, आणि पाठ वर्गात नेण्यापूर्वी तीन-चार मुलांवर करून पाहण्याची मुभा असावी. मग पडदा आणला कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. हृदयातले रक्ताभिसरण दाखवायला पडद्यासारखे साधन नाही. अपूर्णांकांना मात्र सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या पुरल्या. मुलांनी त्या घड्या घालून स्वतःच मोजल्या. पालकांनीही वहीत कागदाचे कपटे दिसले तर रागावू नये.

आता अपूर्णांकांची बेरीज घेतली आहे. १/२ आणि १/३ यांची बेरीज मुले २/५ करतात, म्हणजे उत्तर अर्ध्याहूनही कमी! त्या पाठाची पहिली चाचणी येत्या शनिवारी चार मुलांबरोबर आहे. ज्या पालकांना व विश्वस्तांना सवड असेल त्यांनी मागच्या बाकावर येऊन बसावे, मात्र मुलांना उत्तर सांगू नये.