तीन नद्यांचे शहर, पण होडी चालवायची कुठे?

पिंपरी-चिंचवडच्या मधोमध पवना वाहते, उत्तरेची सीमा इंद्रायणीने आखली आहे आणि दक्षिणेची मुळेने. तीन नद्यांचे हे वैभव असूनही घरी आलेल्या पाहुण्याला शहर दाखवायचे झाले, की येथील रहिवासी त्याला घेऊन जातो तो पुण्यात. शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड आणि परत. ज्या शहरात तो राहतो, कमावतो, मुले वाढवतो, त्या शहरात दाखवण्यासारखे काही आहे, असे त्यालाच वाटत नाही.

हे चित्र बदलण्यासाठी दोन कल्पना वारंवार पुढे येतात. पहिली, पंधरा-वीस जणांच्या लहान गटाने जाणकार मार्गदर्शकाबरोबर पायी फिरून शहर पाहणे, म्हणजे ‘हेरिटेज वॉक’. दुसरी नदीतून नौकाविहाराची. नदीकाठ सुशोभीकरणाची योजना निघाली, की नौकाविहाराचा विषयही हटकून निघतो. दोन्ही कल्पना एकाच दमात मांडल्या जात असल्या, तरी त्यांच्या व्यवहार्यतेत मोठे अंतर आहे. पहिलीसाठी शहर आज सज्ज आहे. दुसरीसाठी शहराला आधी नदीशी असलेला आपला हिशेब चुकता करावा लागेल.

चालत पाहण्याजोगे पुष्कळ

चिंचवड गावापासून सुरुवात केली, तर एका सकाळीत चारशे वर्षांहून अधिक काळाचा पट उलगडतो. पवनेच्या काठावरील मोरया गोसावी यांचे समाधी मंदिर, मंगलमूर्ती वाडा आणि चापेकर बंधूंचा वाडा ही ठिकाणे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडणारे चापेकर या चिंचवडचे. दामोदर यांना १८९८ मध्ये, तर बाळकृष्ण व वासुदेव यांना १८९९ मध्ये फाशी झाली. चापेकर चौकातून रोज ये-जा करणाऱ्या हजारोंपैकी किती जण वाड्यापर्यंत गेले असतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दुसरा मार्ग पिंपरीचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील देशातील पहिली औषधनिर्मिती कंपनी १९५४ मध्ये येथे स्थापन झाली आणि तिने भारताला स्वतःचे पेनिसिलिन दिले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेला पिंपरी कॅम्प जवळच आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर माळरानावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका आणि २०११ च्या जनगणनेनुसार १७ लाख २७ हजार लोकसंख्या असा हा प्रवास आहे. टेल्कोच्या कामगारांचा १९८९ मधील संप आणि त्यांचे शनिवारवाड्यावरील उपोषण हाही या शहराच्या इतिहासाचाच भाग. मात्र तो सांगणारा फलक सहसा दिसत नाही.

तिसरा टप्पा चाकणचा. आज चाकण म्हटले, की मोटारींचे कारखाने आणि पुणे-नाशिक महामार्गावरील वाहतूककोंडी आठवते. परंतु याच गावातील संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. जुन्या तटबंदीचा थोडाच भाग आता शिल्लक आहे. पडक्या भिंतीसमोर उभे राहून एकट्याला फारसे काही कळत नाही. तेथे वेढा कसा पडला, सुरुंग कोठे लागला, हे सांगणारा माणूस बरोबर असेल, तरच किल्ला ‘दिसतो’. मार्गदर्शकाची गरज लागते ती अशा ठिकाणी.

लहान गटाचे महत्त्व

सहलीला बस भरून माणसे न्यायची सवय असलेल्यांना पंधरा-वीसची मर्यादा तोट्याची वाटेल. परंतु या मर्यादेमागे दोन कारणे आहेत. चिंचवड गावातील गल्ल्या, घाटाच्या पायऱ्या आणि वाड्यांची अंगणे यांत याहून मोठा गट मावत नाही. मागच्याला ऐकू येत नाही आणि रहिवाशांना त्रास होतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळ तालुक्यात इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळला. चौघांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जण जखमी झाले. पूल जीर्ण झाल्याचे ठाऊक होते, सूचनाफलकही होता. तरीही पुलावर पर्यटकांची गर्दी झाली होती. नदी पाहण्याची ओढ खरी होती. तिला वळण लावणारी कोणतीही व्यवस्था मात्र घटनास्थळी नव्हती. गट किती जणांचा, नेणारा कोण, कोठपर्यंत जायचे आणि कोठे थांबायचे, हे ठरलेले असणे म्हणजेच मार्गदर्शित सहल. त्यातून ज्ञान मिळते, तशी सुरक्षितताही मिळते.

या परिसराला ही शिस्त परकी नाही. देहू आणि आळंदीहून निघणाऱ्या पालख्यांबरोबर चालणाऱ्या प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, विणेकरी असतो, चालण्याचा क्रम ठरलेला असतो. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्काम करते, तेव्हा लाखोंचा सोहळा या लहान लहान गटांच्या शिस्तीवर पार पडतो. वारी हे पर्यटन नव्हे. पण माणसांना एकत्र चालवण्याचे शास्त्र या मातीत जुने आहे, एवढे तिच्यावरून दिसते.

रावेतच्या खाली काय वाहते?

आता नौकाविहाराकडे वळू. शहराच्या हद्दीत पवनेचा प्रवाह सुमारे २४ किलोमीटरचा आहे. नकाशावर पाहिले तर रावेतपासून दापोडीपर्यंत होडीने जावे, वाटेत चिंचवडच्या घाटावर उतरावे, असा मोह कोणालाही होईल. थेरगावजवळ केजुबाई बंधाऱ्यालगत ‘बोट क्लब’ म्हणून ओळखली जाणारी जागाही आहे. मात्र ही जागा बातम्यांत येते ती नौकाविहारापेक्षा जलपर्णी आणि मेलेल्या माशांमुळे.

याचे कारण समजून घेण्यासाठी पाण्याचा प्रवास पाहावा लागतो. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथे शहराच्या पिण्यासाठी उचलले जाते. पावसाळा सोडला, तर रावेतच्या खाली नदीला स्वतःचे पाणी फारसे उरत नाही. तेथून पुढे तिच्यात भर पडते ती नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातील ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते आणि पवनेचा पट्टा होता रावेत ते दापोडी. म्हणजे शहर जेथून शुद्ध पाणी उचलते, नेमका तेथूनच प्रदूषित पट्टा सुरू होतो. नदी शहरात शिरताना आजारी नसते, शहरातून जाताना आजारी पडते, हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा नको.

यात आणखी एक गुंता आहे. धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या पोलिस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला आणि योजना थांबली. २०२३ मध्ये राज्य सरकारने स्थगिती उठवली. गळती व चोरी थांबेल, शुद्धीकरणाचा खर्च कमी होईल, हे योजनेच्या बाजूचे मुद्दे आहेत. परंतु आज रावेतपर्यंत पात्रातून वाहणारे पाणी वाहिनीतून गेले, तर नदीत काय उरेल, या प्रश्नाचे उत्तर नौकाविहाराची चित्रे रंगवणाऱ्यांनी द्यायला हवे. एका हाताने नदीचे पाणी काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्यात होड्या सोडायच्या, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

इंद्रायणीची स्थिती वेगळी नाही. आळंदीत वारकरी ज्या पाण्यात स्नान करतात, त्यावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना दरवर्षी दिसतात. घरगुती सांडपाणी, लहानमोठ्या उद्योगांचे रसायनमिश्रित पाणी आणि चाकण परिसरातील झपाट्याने वाढलेल्या गावांचा मैला हे सारे तिच्यात येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील भंगार गोदामे व शेड मोठ्या संख्येने पाडली. त्याच वर्षी १७ मे रोजी चिखलीतील निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार जमीनदोस्त झाले. नदीकाठी बांधकाम उभे राहीपर्यंत यंत्रणा गप्प का होती, हा प्रश्न मात्र बंगल्यांबरोबर जमीनदोस्त होत नाही.

साबरमती, सिंगापूर आणि एम्शर

नौकाविहाराचे समर्थक साबरमतीचा दाखला देतात. अहमदाबादेत जुलै २०२३ मध्ये नदीत क्रूझ सुरू झाली, हे खरे आहे. पण तेथे दिसणारे पाणी प्रामुख्याने कालव्यातून आणलेले नर्मदेचे आहे. शहराच्या खालच्या अंगाला साबरमतीचे प्रदूषण इतके वाढले, की गुजरात उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. क्रूझ चालते म्हणजे नदी स्वच्छ झाली, असे समीकरण मांडता येत नाही.

सिंगापूरचा क्रम उलटा होता. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी नदी स्वच्छ करण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. काठावरील वराहपालन हटवले गेले, खाद्यविक्रेत्यांना सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत जागा मिळाली, झोपड्यांतील कुटुंबांचे पुनर्वसन झाले. १९८७ पर्यंत काम पूर्ण झाले. आज पर्यटक ज्या नदीतून फेरी मारतात, ती त्या दहा वर्षांची कमाई आहे.

पिंपरी-चिंचवडला अधिक जवळचे उदाहरण जर्मनीच्या रुर खोऱ्यातील आहे. कोळसा आणि पोलादाच्या या पट्ट्यातून वाहणारी एम्शर नदी शतकभर उघडे गटार होती. तिचे पुनरुज्जीवन १९९२ मध्ये सुरू झाले आणि ती सांडपाण्यापासून मुक्त झाली २०२१ च्या अखेरीस. सुमारे तीस वर्षे आणि साडेपाच अब्ज युरो खर्ची पडले. आधी जमिनीखाली सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या गेल्या, नदीचे रूप नंतर पालटले. त्याच खोऱ्यातील एसेन शहराने १९८६ मध्ये बंद पडलेली झोलफेराइन ही कोळसा खाण पाडली नाही. २००१ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उद्योगनगरीला दाखवण्यासारखे काही नसते, हा समज तेथे खोटा ठरला.

होडी उतरवण्याआधी

पाणी स्वच्छ झाले तरी सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच. पवना, इंद्रायणी आणि मुळेचे पाणी शेवटी भीमेतून उजनीत जाते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या बोटीने १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा बळी घेतला. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी, तपासणी आणि चालकाची पात्रता यांची तरतूद आहे. कायदा पुस्तकात राहिला, तर तो कोणालाही बुडण्यापासून वाचवत नाही.

ऋतूंचा हिशेबही मांडावा लागेल. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू झाला, की जुलै २०२४ प्रमाणे सांगवी, पिंपळे गुरवच्या वस्त्यांत पाणी शिरते. तेव्हा होडीचा विचारच नको. उन्हाळ्यात पात्र आटते आणि जलपर्णी पसरते. सध्याच्या स्थितीत दिवाळीनंतरचे काही आठवडे एवढाच काळ हाती उरतो. एवढ्यासाठी धक्के, बोटी आणि ठेकेदार नेमणे म्हणजे सार्वजनिक पैशाची उधळपट्टी ठरेल.

पदभ्रमंतीला यांपैकी कशाचीच वाट पाहावी लागत नाही. मेट्रोने पिंपरी स्वारगेटशी जोडली गेली आहे. चिंचवडला लोकल थांबते. गरज आहे ती नेमके मार्ग आखण्याची, विश्वासार्ह माहितीफलकांची आणि प्रशिक्षित मार्गदर्शकांची. मार्गदर्शक शोधायलाही लांब जायला नको. झोलफेराइनमध्ये जुने खाणकामगार पाहुण्यांना खाण दाखवतात. ज्यांनी तीस-तीस वर्षे यंत्रावर काम केले, संप पाहिले, माळरानाचे शहर होताना पाहिले, असे निवृत्त कामगार पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक वसाहतीत आहेत. हा इतिहास त्यांच्याइतका चांगला कोण सांगणार?

अशा प्रत्येक फेरीचा शेवटचा थांबा मात्र नदीकाठी असावा. चिंचवडच्या घाटावर उभे राहून पाण्याचा रंग आणि वास अनुभवलेला नागरिक मैलाशुद्धीकरण केंद्राचे काम कोठे अडले, कोणता नाला थेट नदीत सुटतो, असे प्रश्न नगरसेवकाला आणि प्रशासनाला विचारू लागेल. नदी सुधारण्याच्या घोषणा या शहराने पुष्कळ ऐकल्या. त्या खऱ्या झाल्या का, हे तपासायचे सोपे माप आता नागरिकांनी स्वतःपाशी ठेवावे: रावेतला पाण्यात बसलेल्या माणसाला नाकाला रुमाल न लावता दापोडीपर्यंत जाता येते का? ज्या दिवशी येईल, त्या दिवशी होडीचे तिकीट काढायला रांग लागेल. तोपर्यंत शहराने पायीच फिरावे आणि नदीवर नजर ठेवावी.